उसावरील काणी रोग : साथीच्या काळात बेणे, खोडवा व गावाचे सहकार्य

ऊस हे पीक बियांपासून घेतले जात नाही. उभ्या उसाचे तुकडे करून तेच जमिनीत लावावयाचे, ही उसाच्या लागणीची रीत आहे. त्यामुळे मातृपिकात जो गुण असतो तो नव्या पिकात उतरतो आणि जो रोग असतो तोही उतरतो. उसाचे काही रोग डोळ्यांना उशिरा दिसतात. परंतु ते पसरण्याचे काम त्याआधीच, बेण्याच्या गाडीतून पूर्ण झालेले असते. काणी हा अशा रोगांपैकी प्रमुख होय.

हा रोग बुरशीमुळे होतो. एखाद्या शेतात त्याची दोन-चार बेटे दिसली, तर शेतकरी त्याकडे सहसा लक्ष देत नाही. पुढील वर्षी त्याच शेताच्या खोडव्यात तीच संख्या पुष्कळ वाढलेली आढळते, शेजारच्या शेतांतही रोग दिसू लागतो, आणि त्या शेतातून ज्यांनी बेणे नेले त्यांच्या गावीही तो पोचलेला असतो. म्हणून काणीचा विचार एका शेतापुरता करून चालत नाही. तो साखर कारखान्याच्या संपूर्ण कार्यक्षेत्राचा प्रश्न समजूनच करावा लागतो. प्रस्तुत लेखात रोगाची ओळख, त्याच्या प्रसाराची रीत आणि साथ आलेल्या भागात क्रमाने करावयाची कामे यांचे विवेचन केले आहे.

रोगाचा पूर्वेतिहास

उसावरील काणीची पहिली नोंद १८७७ साली दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात झाली. त्यानंतर ऊस पिकविणाऱ्या बहुतेक देशांत हा रोग आढळून आला. भारतात तो फार वर्षांपासून आहे. शास्त्रीय ग्रंथांत या बुरशीचे नाव पूर्वी उस्टिलागो सायटॅमिनिया असे दिले जात असे. आता ती स्पोरिसोरियम सायटॅमिनियम या नावाने ओळखली जाते.

महाराष्ट्रात या रोगाचा संबंध एका प्रसिद्ध वाणाशी जोडलेला आहे. कोइमतूर येथील ऊस पैदास संस्थेत निर्माण झालेला को ७४० हा वाण राज्यातील बागायतदारांनी अनेक वर्षे मोठ्या प्रमाणावर लावला. उत्पन्नास तो चांगला होता, परंतु काणीस सहज बळी पडणारा होता. एकच वाण सर्वत्र असल्याने बुरशीला सोईचे यजमान शेतोशेती मिळत गेले. पुढे को ८६०३२ यासारखे वाण आले. पाडेगाव येथील ऊस संशोधन केंद्राच्या शिफारशीने हा वाण १९९६ साली राज्यात प्रसारित झाला आणि जुन्या वाणाची जागा नव्याने घेतली. तथापि वाण बदलला म्हणून रोग नाहीसा झाला असे नव्हे. जेथे बेण्याची निवड ढिलाईने होते, एकाच शेतात खोडव्यावर खोडवा घेतला जातो आणि रोगट बेटे उभी राहू दिली जातात, तेथे काणी पुन्हा डोके वर काढते.

रोगाची ओळख

रोगाचे मुख्य लक्षण म्हणजे उसाच्या शेंड्यातून निघणारा चाबकासारखा लांब, वाकडा पट्टा. त्याची लांबी काही सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत किंवा त्याहूनही अधिक असू शकते. हा पट्टा म्हणजे उसाचा तुरा नव्हे. तुरा पिसांसारखा, पांढरट व फांद्यांचा असतो. काणीच्या पट्ट्याला फांद्या नसतात. पट्टा कोवळा असताना त्यावर रुपेरी पांढरे पातळ आवरण असते. ते आवरण फाटले की आतील काळी भुकटी उघडी पडते. ही भुकटी म्हणजे बुरशीचे असंख्य बीजाणू होत. ते इतके सूक्ष्म असतात की वाऱ्याच्या हलक्या झुळुकीनेही दूरवर जातात. सारी भुकटी उडून गेल्यावर मागे केवळ काडीसारखा दांडा उरतो.

पट्टा निघण्यापूर्वीही सावध डोळ्यांस रोग ओळखता येतो. रोगट बेटास नेहमीपेक्षा जास्त फुटवे येतात, ते बारीक राहतात, पाने अरुंद व ताठ होतात आणि कांड्या लांबट व किरकोळ दिसतात. शेंडा टोकदार होऊन वर आला, की आत पट्टा तयार होत आहे असे समजावे. याच अवस्थेत बेट काढून टाकल्यास भुकटी बाहेर पडण्याचा प्रश्नच येत नाही.

गवताळ वाढ या दुसऱ्या रोगातही पुष्कळ बारीक फुटवे येतात, त्यामुळे या दोहोंची गल्लत होते. गवताळ वाढीत पाने फिकट, पिवळसर किंवा पांढरी पडतात, बेट गवताच्या झुबक्यासारखे दिसते आणि काळा पट्टा कधीही निघत नाही. तो रोग बुरशीमुळे होत नाही. बेण्यावरील उष्ण प्रक्रिया दोन्ही रोगांस उपयोगी असली, तरी शेतातील नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात. नाहीतर काणीचे प्रमाण किती हे कळणार नाही.

ज्वारीची काणी व उसाची काणी

काणी हे नाव ज्वारी पिकविणाऱ्या शेतकऱ्यास नवे नाही. ज्वारीच्या दाण्यांच्या काणीवर पेरणीपूर्वी बियाण्यास गंधक चोळण्याचा उपाय गावोगावी माहीत आहे. त्यामुळे उसाच्या बेण्यासही एखादे औषध लावले की काम भागले, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. ही समजूत अपुरी आहे.

ज्वारीच्या दाणे काणीचे बीजाणू दाण्याच्या पृष्ठभागावर चिकटलेले असतात, म्हणून बाहेरून लावलेले गंधक त्यांना पोचते. उसात बीजाणू डोळ्यावर पडतात, ओलावा मिळताच रुजतात आणि बुरशीचे तंतू डोळ्याच्या आत शिरून वाढत्या शेंड्यात घर करतात. तेथे ती शांतपणे राहते. बेण्याच्या सालीवर लावलेले औषध बाहेरचे बीजाणू मारते. आत गेलेल्या बुरशीपर्यंत पोचण्यास बहुधा उष्णताच लागते. तसेच ज्वारीची काणी उसावर व उसाची काणी ज्वारीवर जात नाही. दोन्ही बुरशी भिन्न आहेत.

रोगाचा प्रसार

रोग चार मार्गांनी पसरतो.

(१) बेणे. रोगट उसाच्या टिपऱ्या लावल्यास उगवणाऱ्या बेटात दोन ते चार महिन्यांत, कधी त्याहून उशिरा, पट्टे दिसू लागतात. रोपवाटिकेत ट्रेमध्ये तयार केलेल्या रोपांनाही हाच नियम लागू आहे. रोप आकर्षक दिसले, तरी ज्या डोळ्यापासून ते झाले तो डोळा निरोगी होता काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

(२) वारा. पट्ट्यावरील भुकटी वाऱ्याने उडून उभ्या उसाच्या डोळ्यांवर बसते.

(३) खोडवा. बेटाच्या बुडख्यात राहिलेली बुरशी खोडव्याच्या प्रत्येक नव्या फुटव्यात शिरते. म्हणून लागणीच्या पिकापेक्षा खोडव्यात आणि खोडव्यापेक्षा निडव्यात रोगाचे प्रमाण जास्त आढळते.

(४) जमीन, अवजारे व माणसे. बीजाणू कोरड्या जमिनीत अधिक काळ तग धरतात. ओल्या जमिनीत ते लवकर निकामी होतात. तोडणीचे कोयते, तोडणी यंत्रे, गाड्या व कामकऱ्यांचे कपडे यांबरोबरही भुकटी एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते.

आपल्या हवामानात पट्टे निघण्याचे दोन काळ ठळक दिसतात. पहिला उन्हाळ्याच्या अखेरीस, मुख्यतः मे व जूनमध्ये. दुसरा पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर व नोव्हेंबरमध्ये. हे दोन काळ आपल्या लागणीच्या हंगामांशी ताडून पाहिल्यास धोका स्पष्ट होतो. आडसाली लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात होते. त्यासाठी तोडावयाचे नऊ-दहा महिन्यांचे बेणे मे व जूनमध्ये शेतात उभेच असते. म्हणजे भुकटी उडण्याच्या ऐन काळात बेण्याच्या उसाचे डोळे तिच्यासमोर असतात. पूर्वहंगामी लागण १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर या काळात होते. तेव्हा दुसरा काळ सुरू असतो. सुरू हंगामाचे बेणेही या दुसऱ्या काळातून गेलेले असते.

निरोगी दिसणारे बेणे

येथेच या रोगाचे सर्वांत फसवे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. उभ्या उसाच्या डोळ्यावर भुकटी पडून बुरशी आत शिरली, तरी तो डोळा फुटत नाही तोपर्यंत बाहेर काहीही दिसत नाही. ऊस जाड, रसदार व हिरवागार असतो. शेतकरी प्रामाणिकपणे सांगतो की, या उसात एकही पट्टा नव्हता. त्याचे म्हणणे खरेही असते. परंतु शेजारच्या खोडव्यात मे महिन्यात पट्टे होते, आणि त्यांची भुकटी या उसाच्या डोळ्यांत जाऊन बसलेली असते. टिपरी लावल्यावर ती जागी होते.

म्हणून बेणे निवडताना केवळ तो ऊस पाहून भागत नाही. त्याच्या चारही बाजूंची शेते मे-जून व ऑक्टोबर-नोव्हेंबर या महिन्यांत पाहिलेली असावी लागतात. हा नियम पाळणे कठीण आहे, परंतु त्याला पर्याय नाही.

नुकसान कसे वाढते हे एका साध्या हिशेबाने समजते. दोन डोळ्यांच्या टिपऱ्या वापरल्यास हेक्टरी सुमारे २५,००० टिपऱ्या लागतात. समजा, शंभरात एकच टिपरी रोगट निघाली. तरीही एका हेक्टरात २५० रोगट बेटे उभी राहतील. एका हेक्टरच्या बेण्यावर आठ हेक्टरांची लागण झाली असे धरले, तर २,००० रोगट बेटे होतील. ही आठ हेक्टरे आठ वेगवेगळ्या शेतकऱ्यांची व चार गावांतील असतील, तर चार गावांत रोगाची नवी केंद्रे निर्माण झाली. वाऱ्याला हे काम करण्यास काही हंगाम लागले असते. बेण्याच्या गाडीने ते एका आठवड्यात केले.

रोगट बेटातील उसाचे वजन घटते व रसातील साखरही कमी होते. रोगास बळी पडणाऱ्या वाणाच्या खोडव्यात निम्म्याहून अधिक उत्पन्न हातचे गेल्याची उदाहरणे निरनिराळ्या देशांत नोंदली गेली आहेत.

साथ आलेल्या भागात करावयाची कामे

उभ्या पिकावर औषध फवारून आत शिरलेली काणी बरी होत नाही. हे शेतकऱ्यांना प्रथमच स्पष्ट सांगावे, म्हणजे फवारणीवर पैसा व वेळ वाया जाणार नाही. खरी कामे पुढीलप्रमाणे आहेत.

१. पाहणी व नोंद

प्रत्येक शेतात किमान पाच ठिकाणी, बांधापासून आत जाऊन, सलग शंभर बेटे मोजावीत. पाचशे बेटांत २० रोगट आढळल्यास प्रमाण ४ टक्के होय. केवळ बांधावरून पाहून अंदाज करू नये. बांधाकडची बेटे नेहमी शेताचे खरे चित्र दाखवीत नाहीत. नोंदवहीत शेतकऱ्याचा गट क्रमांक, वाण, लागणीची तारीख, लागण की खोडवा, रोगट बेटांचे प्रमाण आणि केलेली कार्यवाही लिहावी. याशिवाय दोन रकाने अवश्य ठेवावेत : बेणे कोठून आणले आणि या शेतातून बेणे कोठे गेले. साथीच्या काळात या दोन रकान्यांइतकी उपयुक्त माहिती दुसरी नाही. एका रोगट शेतावरून मागे गेले की रोगाचे मूळ सापडते आणि पुढे गेले की अजून पट्टे न दिसलेली, परंतु धोक्यात असलेली शेते सापडतात.

२. रोगट बेटे काढणे

हे काम सकाळी, दव असताना व वारा पडलेला असताना करावे. दोन माणसे बरोबर असावीत. एकाने भिजविलेले पोते किंवा प्लॅस्टिकची पिशवी पट्ट्यावर अलगद चढवून खाली आवळून धरावी. दुसऱ्याने पिशवीच्या खालून पट्टा कापावा. त्यानंतर कुदळीने संपूर्ण बेट मुळासकट खणून काढावे. नुसता पट्टा कापून बेट ठेवल्यास त्याच बेटातून आणखी पट्टे निघतात, आणि मेहनत व्यर्थ जाते. पिशव्या व बेटे शेताच्या कडेस खड्ड्यात जाळून टाकावीत किंवा खोल पुरावीत. ती पाटात टाकू नयेत, बांधावर ढीग करून ठेवू नयेत व जनावरांना घालण्यासाठी गोठ्यात नेऊ नयेत. वाटेत भुकटी सांडत जाते. या कामावरील माणसांनी त्या दिवशी निरोगी शेतात जाऊ नये व कपडे धुऊन टाकावेत.

पट्टे एकाच दिवशी निघत नाहीत. म्हणून मे-जून व ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात दर १० ते १५ दिवसांनी शेतातून फेरी घेणे आवश्यक आहे. एका गावात दहा शेतकऱ्यांनी बेटे काढली व अकराव्याने काढली नाहीत, तर दहा जणांच्या कष्टाचे फळ त्या एका शेतातील भुकटी हिरावून नेते. यासाठी गावातील सर्व शेतकऱ्यांनी वार ठरवून एकाच वेळी काम करावे.

३. खोडव्यासंबंधी निर्णय

ज्या शेतात रोगट बेटांचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा जास्त आहे, तेथे खोडवा ठेवू नये. प्रमाण त्याहून कमी असल्यास रोगट बेटे खणून काढूनच खोडवा ठेवावा व उन्हाळ्यात नियमित फेऱ्या घ्याव्यात. साथीच्या भागात निडवा टाळणेच हिताचे होय. मोडावयाच्या शेतातील ऊस कारखान्याने शक्य तितका लवकर तोडून न्यावा, म्हणजे तो उन्हाळ्यापर्यंत उभा राहणार नाही. तोडणीनंतर बुडखे नांगरून, वेचून नष्ट करावेत. एक-दोन बुडखे राहून त्यांचे फुटवे आले, तरी पुढील पिकास रोग पुरविण्यास ते पुरेसे असतात. त्या शेतात एक हंगाम हरभरा, सोयाबीन, ताग किंवा धैंचा यांसारखे पीक घ्यावे व जमिनीस पाणी द्यावे. ओलाव्यात रुजलेल्या बीजाणूंना ऊस न मिळाल्याने ते मरून जातात.

४. बेणे मळा व उष्ण प्रक्रिया

गाळपासाठी लावलेल्या उसातून बेणे घेण्याची प्रथा साथीच्या काळात पूर्णपणे बंद करावी. बेणे मळा स्वतंत्र असावा, खोडव्यापासून दूर असावा आणि उन्हाळ्यातील वाऱ्याच्या दिशेस रोगट शेते नसतील अशा जागी असावा. मळ्यात एकही काणीचे बेट आढळल्यास तो मळा बेण्यासाठी रद्द करून ऊस गाळपास द्यावा. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे घ्यावे. खोडव्याचे बेणे केव्हाही वापरू नये.

मूलभूत बेण्यास उष्ण प्रक्रिया करावी. उष्ण जल प्रक्रियेत ५० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात बेणे दोन तास ठेवतात. उष्ण बाष्प हवेच्या यंत्रात सुमारे ५४ अंश तापमान व भरपूर आर्द्रता ठेवून प्रक्रिया केली जाते. तिचा कालावधी यंत्रास ठरवून दिल्याप्रमाणे काटेकोर पाळावा. तापमान कमी पडल्यास बुरशी मरत नाही, जास्त झाल्यास डोळे मरतात. म्हणून हे काम घरच्या कढईत अंदाजाने करण्याचे नव्हे. कारखाना, संशोधन केंद्र किंवा बेणे पुरविणाऱ्या संस्थेच्या यंत्रातच ते करावे. प्रक्रियेने उगवण थोडी कमी होते, हे लक्षात घेऊन लागणीत टिपऱ्या जास्त घ्याव्यात.

प्रक्रिया केलेल्या मूलभूत बेण्यापासून पायाभूत व त्यापासून प्रमाणित बेणे तयार होते आणि मग ते शेतकऱ्यास मिळते. या तीन पायऱ्यांपैकी प्रत्येकीत पाहणी व रोगट बेटे काढणे आवश्यक आहे. उष्ण प्रक्रियेने बेणे रोगमुक्त होते, परंतु पुढे रोगापासून संरक्षण मिळत नाही. त्यावर नंतर भुकटी पडल्यास रोग नव्याने शिरतो. दर तीन-चार वर्षांनी शेतकऱ्याने जुने बेणे बदलून नवे आणावे, ते याच कारणासाठी.

लागणीच्या वेळी १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डॅझिम मिसळून त्यात टिपऱ्या १० मिनिटे बुडविण्याची शिफारस प्रचलित आहे. त्याने बाहेरील बीजाणूंचा व मातीतून येणाऱ्या काही बुरशींचा बंदोबस्त होतो. औषध खरेदी करण्यापूर्वी चालू शिफारस कृषि कार्यालयातून विचारून घ्यावी, आणि ही प्रक्रिया उष्ण प्रक्रियेच्या जागी नसून तिच्या जोडीला आहे, हे ध्यानात ठेवावे.

५. वाणाची निवड

काणीवरील सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे प्रतिकारक्षम वाण. संशोधन केंद्रांत नव्या वाणांच्या टिपऱ्या काणीच्या बीजाणूंच्या पाण्यात बुडवून लावतात व किती बेटांत पट्टे निघतात ते पाहून वाणाची प्रतिक्रिया ठरवितात. वाण निवडताना उत्पन्न व साखर उतारा यांबरोबर ही प्रतिक्रियाही विचारावी. शिफारस न झालेला वाण दुसऱ्या भागातून परस्पर आणू नये.

या बाबतीत ऑस्ट्रेलियाचा अनुभव बोधप्रद आहे. त्या देशात १९९८ पर्यंत उसाची काणी नव्हती. त्या वर्षी ती पश्चिमेकडील ऑर्ड नदीच्या खोऱ्यात आढळली. मुख्य ऊस प्रदेश असलेले क्वीन्सलँड तेथून फार दूर. तरीही तेथील ऊस उद्योगाने आपले वाण इंडोनेशियात पाठवून काणीविरुद्ध तपासून घेण्यास प्रारंभ केला. जून २००६ मध्ये क्वीन्सलँडच्या दक्षिण भागातील चिल्डर्स गावाजवळ काणी सापडली. प्रथम रोगट शेते मोडून व उसाची ने-आण बंद करून रोग मुळापासून काढण्याचा प्रयत्न झाला. परंतु त्याच वर्षी मॅके व हर्बर्ट या उत्तरेकडील भागांतही रोग आढळला, आणि तो समूळ काढणे शक्य नाही असे दिसून आले. तेव्हा बहुतांश क्षेत्र रोगास बळी पडणाऱ्या वाणांखाली होते. मात्र आधीच्या तपासणीमुळे कोणते वाण टिकतील याची यादी हाती होती. शेतकऱ्यांनी काही वर्षांत वाण बदलले आणि उद्योग सावरला. रोग येण्यापूर्वी केलेली तयारी रोग आल्यावर उपयोगी पडली.

याच्या उलट अनुभव उत्तर प्रदेशात आला. तेथे को ०२३८ या एकाच वाणाने बहुतेक क्षेत्र व्यापले आणि पुढे त्यावर लाल कूज या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाची साथ पसरली. रोग निराळा असला, तरी बोध एकच. कारखान्याच्या कार्यक्षेत्रात एकाच वाणावर विसंबून राहू नये. शिफारस केलेले निदान दोन-तीन वाण लागणीत असावेत.

शेतकऱ्यांच्या शंका व समाधान

गावपातळीवरील कर्मचाऱ्यास सभेत काही प्रश्न हमखास विचारले जातात. त्यांची उत्तरे आधीच तयार असावीत.

शंका : खोडव्यास लागणीचा खर्च नसतो. तो मोडल्यास शेतकऱ्याचे नुकसान कोण भरून देणार?
समाधान : ही तक्रार रास्त आहे व ती हसण्यावारी नेऊ नये. सभेत त्या शेताचाच हिशेब मांडावा. रोगट खोडव्यास पाणी, खत व मशागत निरोगी पिकाइतकीच लागते. वजन मात्र बरेच कमी मिळते. शिवाय निडव्यात घट आणखी वाढते. मोडलेल्या शेतात घेतलेले हरभरा किंवा सोयाबीन नुकसानीचा काही भाग भरून काढते. अशा शेतकऱ्यास पुढील लागणीचे निरोगी बेणे प्रथम मिळावे, असा आग्रह कर्मचाऱ्याने कारखान्याकडे धरावा.

शंका : रोग जाहीर केल्यास कोणी बेणे विकत घेणार नाही. मग तो का सांगावा?
समाधान : रोग लपविल्याने तो थांबत नाही. विकलेल्या बेण्यातून शेजारच्या शिवारात रोग गेला, की तेथील भुकटी वाऱ्याने परत त्याच शेतात येते. जो शेतकरी वेळीच सांगतो त्याला सर्वांसमोर दोष देऊ नये. रोग सांगणारा अपमानित झाला, तर पुढच्या वर्षी कोणीही सांगणार नाही.

शंका : पट्टा कापून टाकला, आता बेट हिरवे दिसते. ते का काढावे?
समाधान : बुरशी बुडख्यात आहे. त्याच बेटाचे पुढील फुटवेही पट्टे देतील.

शंका : चांगले खत दिल्यास रोग कमी होईल काय?
समाधान : योग्य खत व पाणी पिकास आवश्यकच आहे, परंतु आत शिरलेली काणी खताने जात नाही.

हंगामवार कामे

एप्रिल ते जून : खोडव्याची पहिली पाहणी; दर १०–१५ दिवसांनी रोगट बेटे काढणे; बेणे मळ्याभोवतालच्या शेतांची विशेष तपासणी.
जुलै-ऑगस्ट : तपासलेल्या मळ्यातूनच आडसाली लागणीचे बेणे, बेणे प्रक्रिया, बेण्याच्या ने-आणीची नोंद.
सप्टेंबर ते नोव्हेंबर : दुसरी पाहणी, खोडवा ठेवावयाचा की मोडावयाचा याची यादी कारखान्याकडे देणे, पूर्वहंगामी लागणीचे बेणे तपासणे.
डिसेंबर ते मार्च : यादीतील रोगट शेतांची लवकर तोड, बुडखे नांगरून वेचणे, सुरू लागण, तोडणी यंत्रे व कोयते स्वच्छ करूनच दुसऱ्या शेतात नेणे.

सारांश

काणीची साथ एका शेतकऱ्याच्या कष्टाने आटोक्यात येत नाही व एका शेतकऱ्याच्या निष्काळजीपणाने ती पुन्हा पसरू शकते. रोगट बेटे भुकटी उडण्यापूर्वी मुळासकट काढणे, जास्त रोग असलेला खोडवा मोडणे, उष्ण प्रक्रियेच्या साखळीतून आलेलेच बेणे लावणे आणि प्रतिकारक्षम वाण निवडणे, ही चार कामे सर्व गावाने एकाच हंगामात केली पाहिजेत. यांपैकी बेण्याचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्या गावाला आपले बेणे कोठून आले हे सांगता येते, त्या गावाला रोगाचा माग काढता येतो.

अभ्यासाकरिता प्रश्न

१. काणीचा पट्टा व उसाचा तुरा यांतील फरक सांगा.
२. काणी व गवताळ वाढ हे रोग शेतात कसे ओळखाल?
३. उसात एकही पट्टा नसताना त्याचे बेणे रोगट का असू शकते?
४. आडसाली लागणीच्या बेण्यासाठी मे-जूनमधील पाहणी का आवश्यक आहे?
५. आपल्या गावातील एका शेतात पाचशे बेटे मोजून रोगाचे प्रमाण काढा व त्या शेतात खोडवा ठेवावा की नाही, ते कारणांसह लिहा.